इंदुताईंचा उखाणा आणि तुमची ओसरी

आर्णी,
संक्रांतीनंतरचा पंधरवडा

तीर्थस्वरूप कपिलदादास,

आर्णीहून सुरभीचा सविनय नमस्कार. (तीर्थरूप हे केवळ आईवडिलांना लिहावे आणि इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, असे आम्हांला शाळेत शिकवले होते. तू माझ्याहून थोडासाच मोठा आहेस आणि लहानपणी माझ्या निबंधाच्या वहीवर चहा सांडला होतास, तरी नियम तो नियम.) इकडे सर्व क्षेम आहे. तुझी पाठदुखी आता कशी आहे? मावशीचा फोन येतो तेव्हा ती तुझ्या पाठीपासून सुरुवात करते आणि तुझ्या लग्नावर येऊन थांबते, त्यामुळे मधला वैद्यकीय तपशील आमच्या हाती लागत नाही. आईने तुझ्यासाठी यंदाच्या तुरीची डाळ बाजूला काढून ठेवली आहे. बाबा म्हणतात की खुर्ची बदल; आई म्हणते की नोकरी बदल; मी काहीच म्हणत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

फोन करायचा सोडून ही पत्र कसले लिहीत बसली, असे तुला वाटेल. कारण सांगते. मागे तुमच्या चमूच्या सभेत तू मला पडद्यावर बसवले होतेस, आर्णीतले अनुभव सांगण्यासाठी. मी कॅमेरा बंद ठेवला, माईकही बंद ठेवला आणि सांगायचे ते सारे शुद्ध मराठीत लिहून पाठवत राहिले. ('उपरोक्त अडचणींकडे आपले लक्ष वेधू इच्छिते', असे माझे पहिले वाक्य होते.) तेव्हा तुझ्या एका सहकाऱ्याने विचारले, की हे भाषांतराचे यंत्र कुठले आहे, बरे चालते की. तू हसलास. ते मला ऐकू आले. माईक बंद होता, कान उघडे होते. त्या दिवशी मी ठरवले की यापुढचे म्हणणे पूर्ण आणि सविस्तर लिहीन, आणि तुला ते पूर्ण वाचावे लागेल. तर बैस. पाठीला उशी घे.

आधी इंदुताईंची ओळख करून देते, कारण तुमच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख 'एक ग्रामीण महिला वापरकर्ती' एवढाच आहे, आणि असा उल्लेख त्यांना कळला तर त्या पुण्याला येतील. आमच्या घरासमोर भगवानराव आणि इंदुताई राहतात. कापसाचे आणि तुरीचे शेत आहे; नयन नावाची एकुलती मुलगी, ती दिवाळीनंतर बोरी अरबला दिली. स्वयंपाकात इंदुताईंचा हात धरणारे आमच्या भागात कोणी नाही. त्यांनी मोबाइलवर एक पान चालवले होते, 'इंदुताईचा वानवळा' या नावाचे. त्यावर त्या ज्वारीचे धापोडे, अंबाडीची भाजी, पानगे असे करून दाखवत, आणि लग्न होऊन दूरदूर गेलेल्या मुली ते पाहून आपापल्या स्वयंपाकघरांत रडत. (हे अतिशयोक्त नाही. एकीने तसे लिहिले होते.) मग एके सकाळी ते पान नाहीसे झाले. ज्या कंपनीच्या जागेवर ते होते, तिच्याकडून इंग्रजीत एक ओळ आली. मी ती वाचून सांगितली, की पान तिथल्या समुदायाच्या नियमांविरुद्ध गेले, म्हणून बंद केले आहे. इंदुताई म्हणाल्या, "मी कोन्या समाजाच्या विरोधात काय केलं? धापोडेच तं केले."

पान गेले त्याच सुमारास, दिवाळीत, तू आला होतास आणि अंगणात बसून आम्हांला ब्लॉकचेन समजावली होतीस. तुझे समजावणे भगवानरावांना पटले होते, पण समजले नव्हते. तू गेल्यावर मी ते माझ्या पद्धतीने सांगितले. म्हटले, लग्नात कोणी रुसले तर ती गोष्ट साऱ्या गल्लीतल्या घराघरांत जाऊन बसते. एका घराची समजूत घालून ती पुसता येत नाही. सगळी घरे एकदम विसरतील तरच ती जाईल, आणि सगळी घरे एकदम कधीच विसरत नाहीत. ब्लॉकचेन म्हणजे तेवढेच. नोंद कोणा एका कंपनीच्या कपाटात नसते, सगळ्यांच्या घरी असते. इंदुताईंना हे क्षणात कळले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "म्हंजे तिथून मले कोनी हाकलू शकत नाही?" मी नाही म्हटले. दादा, ते 'नाही' मी तुझ्या भरवशावर म्हटले होते, एवढे ध्यानात ठेव.

तुमच्या चमूने ब्लॉकचेनवर बांधलेल्या जागेला तुम्ही 'ओसरी' हे नाव दिलेत, ते मला फार आवडले होते. ओसरी म्हणजे येणाऱ्याने चप्पल काढून टेकावे, पाणी प्यावे, कोण कोण बसले आहे ते पाहावे आणि मग वाटले तर आत जावे. पण तुमच्या ओसरीचे दार उघडले आणि समोर एकदम तिजोरी. पहिल्याच पडद्यावर बारा शब्द आणि खाली तीन सूचना: हे शब्द कोणाला सांगू नका, कुठेही लिहून ठेवू नका, कधीही विसरू नका. हे शब्द म्हणजेच घराची किल्ली. हरवली तर दुसरी मिळणार नाही. ज्या बाईला अजून घर कसे आहे तेच माहीत नाही, तिच्या हाती तुम्ही आधी किल्ली दिलीत आणि वर दम दिलात. माझी मैत्रीण अलफिया (गफ्फारचाचांची मुलगी; त्यांचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज आमच्या घराला लागून आहे, आणि मला जे बोलता येत नाही ते आमच्या दोघींच्या वतीने तीच बोलते) तो पडदा पाहून म्हणाली, की पाहुण्याला चहा विचारायच्या आधी शपथ घालायची ही कुठली रीत. इंदुताईंचे ते शब्द तुझ्याकडे नोंदलेले नाहीत, असा तुझा दावा आहे. मला मात्र ते पाठ आहेत, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

मधे भगवानरावांचे प्रकरण घडले, ते सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. नयनच्या लग्नानंतर बोरी अरबला व्याह्यांकडे पूजेचे जेवण होते. घरी आल्यावर भगवानरावांना आपले मत गफ्फारचाचांना कळवायचे होते. चाचा समोरच गॅरेजवर होते. हाक मारली असती तरी चालले असते. पण भगवानरावांना ओसरीवर नुकतेच स्वतःचे खाते मिळाल्याचा उत्साह होता. तुमच्या पडद्यावर एकालाच लिहिण्याची वाट तीन पडद्यांच्या आत दडवलेली आहे आणि सगळ्यांना सांगण्याचे बटण तळव्याएवढे मोठे आहे. त्यांनी ते दाबले. मजकूर असा: 'व्याह्याइथचं वरन इतकं पातळ का टेका लावूनबी ताटात थांबलं नाही.' (पुण्यात टेका ठाऊक नसेल, म्हणून सांगते. पंगतीत वरण वाहू नये म्हणून ताटाच्या एका कडेखाली जो दगड लावतात, तो टेका.) पुसायला गेले, तर तुमचा पडदा अभिमानाने म्हणाला, की इथे लिहिलेले चिरंतन असते. व्याह्यांपर्यंत ते संध्याकाळच्या आत पोचले. नयनने फोनवर आईला फक्त एवढेच सांगितले, की सासूबाईंनी आज वरण केलेच नाही, सरळ पिठले केले. इंदुताई समजायचे ते समजल्या.

आता संक्रांत. नयनची पहिली संक्रांत, म्हणून हलव्याचे दागिने करून तिला माहेरी आणले होते आणि वरणाचा डाग धुवावा म्हणून विहीणबाईंनाही हळदीकुंकवाचे आग्रहाचे आमंत्रण होते. मंदिराच्या सभामंडपात गल्लीतल्या साऱ्या बायका जमल्या. कोणीतरी माईक आणला होता. (आमच्याकडे चार बायका आणि एक माईक एकत्र आले की उखाणे सुरू होतात, त्याला निमित्त लागत नाही.) विहीणबाई पुढे झाल्या आणि त्यांनी असा लांबलचक, खणखणीत, यमकात न अडखळणारा उखाणा घेतला, की त्यात रामापासून रेल्वेपर्यंत सारे आले आणि शेवटी, माझी खात्री आहे की मुद्दामच, घट्ट वरणही आले. बायका टाळ्या वाजवत होत्या. मग माईक इंदुताईंच्या हाती आला. त्यांचे जुने उखाणे सगळ्यांना पाठ होते. विहीणबाईंपुढे शिळा उखाणा घेणे म्हणजे माघार. मुलीच्या सासूपुढे, मुलीच्या पहिल्या संक्रांतीला, माघार घेता येत नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांना काहीतरी नवे सुचल्यासारखे दिसले आणि मला फार आनंद झाला. तो आनंद पहिल्या ओळीपर्यंतच टिकला.

चांदनीच्या डब्यात हत्तीचा ओटा,
मिठाच्या खिडकीत समुद्राचा गोटा,
सुईच्या कंदिलाले वाळूचा कोट,
भगवानरावाचं नाव घेतो, मिटून ठेवा ओठ!

दादा, बाराच्या बारा शब्द. क्रमवार. माईकवर. सांगू नका, लिहू नका आणि विसरू नका, या तिन्ही अटी एकदम पाळायच्या तर माणसाला काव्याशिवाय मार्ग उरत नाही, आणि इंदुताईंनी तोच मार्ग धरला होता. दळताना, निंदताना त्या मनाशी तो म्हणत होत्या. गुप्ततेची अट त्या विसरल्या नव्हत्या, हेही नमूद करते. शेवटच्या ओळीत त्यांनी ती साऱ्या सभामंडपाला बजावली आहे.

उखाणा अफाट गाजला. विहीणबाईंना एवढे नवे यमक अपेक्षित नव्हते; त्या गप्प झाल्या, आणि ती शांतता इंदुताईंच्या आयुष्यातली फार मोठी कमाई होती, म्हणून मीही त्या क्षणी काही बोलले नाही. (मी तशीही बोलले नसते.) पण निम्म्या बायकांनी चित्रण केले होते, आणि इंदुताईंनी लाडू वाटता वाटता हौसेने सांगूनही टाकले, की हे आपल्या ओसरीचे शब्द आहेत. बायकांना वाटले, हे आमंत्रणच आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमची अर्धी गल्ली इंदुताईंच्या खात्यात जाऊन बसली होती. आगळीक म्हणून नव्हे, चोरी म्हणून तर नव्हेच. हळदीकुंकवाला यावे तशा आल्या. एकीने इंदुताईंच्या नावाने सर्वांना फुलांसह शुभ सकाळ दिली. एकीने विचारले, सभामंडपात माझी पळी कोणाकडे राहिली. आणि बोरी अरबहून विहीणबाई आत आल्या, त्यांनी भगवानरावांची ती चिरंतन ओळ शोधून काढली आणि तिच्याखाली, इंदुताईंच्या नावाने, चिरंतन उत्तर लिहिले: 'वरन घट्टच होतं. आमच्या ह्यायच्या जिभेलेच पान्याची सवय.' ते वाचून भगवानराव गफ्फारचाचांच्या गॅरेजवर जाऊन बसले आणि जेवायलाही घरी येईनात. गॅरेजमधल्या डब्यातले वरण ते मोठ्याने वाखाणत, म्हणजे समोर ऐकू जाईल.

इथवर हसलो. पुढे हसवत नाही. 'वानवळा' पान इंदुताईंनी नुकतेच ओसरीवर पुन्हा उभे केले होते. हिवाळ्यातल्या सगळ्या भाज्या करून दाखवल्या होत्या, जुन्या मुलींपैकी कितीतरी शोधत शोधत परत आल्या होत्या. आता त्या पानाची किल्ली कोणाच्याही हाती होती आणि तुमच्या घराचे कुलूप बदलता येत नव्हते. आज शुभ सकाळ आहे, उद्या कोणी काहीही लिहील. इंदुताईंना पान सोडावे लागले. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, विहीणबाईंवरही नाहीत. ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत म्हणाल्या, "तवा त्यायनं हाकललं होतं, तं भांडायले कोनीतरी होतं. आता कोनासंग भांडू? मीच मले हाकललं." अलफियाने मला कोपराने ढोसले, की बोल काहीतरी, काहून गप्प बसली. मी पुष्कळ शेंगा सोलल्या.

मी तुमच्याकडे रीतसर तक्रार नोंदवली. उत्तर आले: 'वापरकर्त्याची चूक. पुढील आवृत्तीत अधिक सुरक्षेसाठी बाराऐवजी चोवीस शब्द देण्याचा विचार आहे.' दादा, हे वाक्य मी अनेकदा वाचले. मी शाळेत पहिली येत होते, तरी कळले नाही म्हणून पुन्हा वाचले. तुम्ही इंदुताईंना बारा शब्द दिलेत, त्यांनी उखाणा केला. चोवीस द्याल, तर त्या आरती रचतील, आणि आरती तर सगळेच मिळून म्हणतात.

चूक इंदुताईंची नाही, हे मी तुझ्याकडून मान्य करवून घेणार आहे. ज्या घराची किल्ली एकाच माणसाने, एकट्याने, आयुष्यभर जिभेखाली धरून ठेवायची, ते घर आमच्याकडे कोणी बांधत नाही. आमच्याकडे शेतावर जाताना किल्ली शेजारी देतात. इंदुताईंची किल्ली वर्षानुवर्षे रौशनचाचींकडे, म्हणजे अलफियाच्या आईकडे, असते. त्यातही अडचण येते, हे मी लपवत नाही. परवाच रौशनचाची घाटंजीला नातेवाइकांकडे गेल्या आणि इंदुताईंची किल्ली त्यांच्या कुलूपबंद घरात राहिली. इंदुताई शेतातून आल्या आणि स्वतःच्या ओट्यावर पाहुण्यासारख्या बसून राहिल्या. मी त्यांना पाणी नेऊन दिले. त्या म्हणाल्या, "एकाच घरी ठेवली हेच चुकलं. अजून एखाद्या घरी पाह्यजे होती." मी तिथेच, हातात तांब्या धरून, तुमची सगळी अडचण सोडवली. (तांब्या त्यांनी नंतर मागून घेतला.)

किल्ली एका घरी ठेवायची नाही आणि सगळ्या गल्लीला तर द्यायचीच नाही. तिचे तीन तुकडे करून तीन माणसांकडे ठेवायचे. कोणत्याही एका तुकड्याने दार उघडणार नाही. कोणतेही दोन एकत्र आले की उघडेल आणि त्याच वेळी कुलूपही बदलता येईल. एक घाटंजीला गेली तरी दोघी गावात असतात. मी हे अलफियाला सांगितले, तिने मोबाइलवर शोधून सांगितले की जगात काही ठिकाणी असे करतात, म्हणजे ते अशक्य आहे असे तुला म्हणता येणार नाही. मग आम्ही इंदुताईंना विचारले, तुमच्या तिघी कोण. त्यांनी जराही विचार न करता सांगितले: रौशनचाची, विहीणबाई आणि मी. विहीणबाईंचे नाव ऐकून अलफियाला ठसकाच लागला. इंदुताईंचे कारण असे, की विहीणबाईंचे रौशनचाचींशी घरोब्याचे संबंध नाहीत आणि माझ्याशी तर कोणाचेच बोलणे होत नाही. तेव्हा या तिघींपैकी कोणत्याही दोघींनी इंदुताईंविरुद्ध कट करणे शक्य नाही, पण त्यांच्यावर वेळ आली तर तिघीही धावतील. दादा, तुमच्या चमूत एवढा विचार करून कोणी माणसे निवडली आहेत का, हा प्रश्न मी केवळ जिज्ञासेने विचारते.

आणखी दोन गोष्टी आहेत, त्याही लिहूनच ठेवते. नवख्या माणसाला आधी ओसरीवर बसू द्या. किल्लीबिल्ली काही न देता पाहू द्या, वाचू द्या, धापोडे कसे करतात ते बघू द्या. लिहावेसे वाटले, तर मग किल्लीचे बोला. दुसरे असे, की लिहिलेले चिरंतन करण्याआधी थोडा वेळ ओले राहू द्या. सारवलेल्या अंगणातसुद्धा वाळेपर्यंत पाऊल पडले तर हात फिरवून पुसता येते. भगवानरावांना तेवढा अवधी मिळाला असता, तर बोरी अरबला आजही वरण शिजत असते.

सोमवारी तुमची नव्या आवृत्तीची बैठक आहे आणि तीत 'मराठी नवखे वापरकर्ते सध्या वगळावेत' असा एक विषय आहे, हे मला समजले आहे. (कसे समजले ते विचारू नकोस, मावशीला तू सगळे सांगतोस.) तो विषय मांडण्यापूर्वी हे पत्र चमूपुढे वाचावे. इंदुताईंना मी 'नाही' म्हटले होते, तिथून कोणी हाकलणार नाही म्हणून. ते मला परत घ्यायचे नाही.

मावशीच्या गुडघ्यांना तेल सुरू ठेवावे. खुर्ची बदल.

तुझी धाकटी मावसबहीण,
सुरभी

ता. क. १. पत्र चमूपुढे वाचावे, असे वर लिहिले आहे, ते मी मागे घेते. मीच वाचेन. सोमवारच्या बैठकीत मला वेळ हवा आहे. कॅमेरा सुरू, माईक सुरू. अलफिया शेजारी बसेल, पण बोलेन मीच. तिच्याकडून तसे वचन घेतले आहे, आणि मला बोलणे जितके कठीण, त्याहून तिला गप्प बसणे कठीण जाईल. तुझ्या त्या सहकाऱ्याला आवर्जून बोलाव. म्हणावे, यंत्र बोलणार आहे.

ता. क. २. ओसरीच्या मराठी पडद्यांवरचे शब्द कोणी लिहिले आहेत? 'आपली ओळख पुनर्प्रस्थापित करण्यास अनुमती द्या' हे वाचून इंदुताईंनी मोबाइल देवघरात नेऊन ठेवला होता. ते काम मला दे. मागणी करण्याचा मला सराव नाही, म्हणून पत्राच्या अगदी तळाशी, आणि एवढ्या लांबून, करते आहे. इतके सारे लिहिले ते बहुधा याच ओळीपर्यंत येण्यासाठी.

ता. क. ३. तू 'बघू' म्हणशील आणि विसरशील, म्हणून मी हे पत्र आज दुपारी माझ्या स्वतःच्या नावाने ओसरीवर सर्वांसाठी लावले. चुकून नव्हे, ते तळव्याएवढे बटण मी नीट पाहून दाबले. आता ते तुलाही पुसता येणार नाही आणि, दाबल्यावर लक्षात आले, मलाही.

ता. क. ४. पहिले उत्तर भगवानरावांचे आले आहे. ते आता घरी जेवतात. लिहितात: 'पत्र वाचलं. चांगलं घट्ट झालं, टेका लागला नाही. बोरीवाल्यायनं शिकून घ्यावं.' विहीणबाईंनीही ते वाचले आहे आणि त्या उत्तर लिहीत आहेत, असे पडदा दाखवतो आहे. तो ओल्या अवधीचा बदल सोमवारची वाट न पाहता आजच करता आला, तर बघ.